खुनानंतरचं शहर

१६ फेब्रुवारी २०१५, सोमवार. सकाळचे साडेनऊ वाजत आले होते. कोल्हापुरात सागरमाळ भागातल्या आपल्या घराकडे गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई फिरून परतत होते. घर हाकेच्या अंतरावर आलं असताना मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी अगदी जवळून गोळ्या झाडल्या. पानसऱ्यांना तीन लागल्या, उमाताईंच्या डोक्याला जखम झाली, आणि मारेकरी भरदिवसा, वस्तीतून, निघून गेले. दोघांनाही शहरातल्या रुग्णालयात नेलं. पुढचे चार दिवस कोल्हापूर त्या रुग्णालयाच्या दाराशी उभं होतं. मधेच १९ तारीख आली. शिवजयंतीचा दिवस. ‘शिवाजी कोण होता?’ हे छोटं पुस्तक लिहून शिवाजी महाराजांना घराघरांत नव्याने पोचवणारा माणूस त्या दिवशी अतिदक्षता विभागात मृत्यूशी झुंजत होता. २० तारखेला त्यांना विमानाने मुंबईला हलवलं आणि त्याच रात्री ब्रीच कँडी रुग्णालयात ते गेले. वय ८१.

राजकीय खुनाविषयी लिहिताना लेखणी आपोआप मारेकऱ्याकडे वळते. कोण होता, कुणी पाठवला, पिस्तूल कुठलं, गाडी कुणाची. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि न्यायालयात त्यांची उत्तरं मिळायलाच हवीत. पण गेली दहा वर्षं मला दुसरा एक प्रश्न सोडत नाही. आपल्यातला एक माणूस असा मारला गेल्यावर शहर काय करतं? राग कुठे नेऊन ठेवतं? कोल्हापूरला हा प्रश्न दोनदा पडला. एकदा १९४८ मध्ये आणि एकदा २०१५ मध्ये. दोन्ही वेळची उत्तरं वेगळी होती, आणि दुसऱ्या वेळचं उत्तर अजून लिहून पुरं झालेलं नाही.

आधी माणसाबद्दल सांगतो, कारण ‘पानसरे खून खटला’ या तीन शब्दांखाली तो माणूस गाडला जाण्याची भीती आहे. आज विशीत असलेल्या मुलांना पानसरे ठाऊक आहेत ते खटल्याच्या तारखांमुळे. त्यांच्या आयुष्यातल्या ८१ वर्षांपैकी बातमीत उरली ती एक सकाळ.

नगर जिल्ह्यातलं कोल्हार हे त्यांचं गाव. जन्म १९३३ चा, घरची परिस्थिती बेताची. शिक्षणासाठी कोल्हापुरात आले आणि इथलेच झाले. पेपर विकले, नगरपालिकेत शिपाई म्हणून राबले, शिक्षण मंडळाच्या शाळेत मास्तरकी केली, आणि हे सगळं करत राजाराम कॉलेजातून पदवी आणि शहाजी लॉ कॉलेजातून वकिलीची सनद मिळवली. शाहू महाराजांनी बहुजनांच्या पोरांसाठी या शहरात शिक्षणाची जी दारं उघडली, त्यातून आत आलेल्या असंख्यांपैकी ते एक. हे ऋण ते कधी विसरले नाहीत. पुढे शाहू महाराजांवर त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याच्या नावात ‘वसा आणि वारसा’ हे शब्द आहेत. वसा घेतला की तो पाळावा लागतो, हे त्यांच्या जगण्यात दिसत असे.

१९५२ साली, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, ते कम्युनिस्ट पक्षात गेले आणि शेवटपर्यंत त्याच पक्षात राहिले. गोवामुक्तीची आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ त्यांनी अंगावर घेतली. १९६४ पासून वकिली सुरू झाली ती कामगारांची. घरकामगार, फेरीवाले, झोपडपट्टीतली माणसं, ज्यांच्या खिशात वकिलाला द्यायला पैसा नसतो अशांचे दावे त्यांनी चालवले. कामगार कायदा तर त्यांनी शिवाजी विद्यापीठात काही वर्षं शिकवलाही. पक्षाचे राज्य सचिव म्हणून दशकभर महाराष्ट्र पालथा घातला. पण मुक्काम कोल्हापूरचाच. बिंदू चौकातली लाल बावट्याची इमारत हे त्यांचं दुसरं घर. त्याच चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे आहेत, ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच, उभे केलेले. कोल्हापूरच्या राजकारणाचा पिंड समजून घ्यायचा असेल तर त्या चौकात तासभर उभं राहावं.

‘शिवाजी कोण होता?’ हे मुळात भाषण. १९८७ मध्ये दिलेलं, १९८८ मध्ये पुस्तिका होऊन आलेलं. त्यात नवा कागद शोधल्याचा दावा नाही. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये अशी सैन्याला ताकीद देणारा राजा, वतनदारांच्या मनमानीला वेसण घालणारा राजा, स्त्रियांच्या अब्रूची राखण करणारा राजा, आरमारात दौलतखान आणि सैन्यात सिद्दी हिलाल यांच्यावर विश्वास टाकणारा राजा त्यांनी साध्या बोलीत, शेतकऱ्याला कळेल अशा रीतीने मांडला. धर्मावर श्रद्धा असलेला राजा परधर्माचा द्वेष करत नव्हता, हे त्यांनी पुराव्यानिशी सांगितलं. किंमत मुद्दाम कमी ठेवली. लाखाहून जास्त प्रती खपल्या, कितीतरी भाषांत अनुवाद झाले. इतिहासाचे पंडित त्यातल्या एखाद्या मुद्द्यावर वाद घालतील, घालावाच. पण महाराष्ट्रातल्या सामान्य वाचकाच्या हाती एवढ्या मोठ्या संख्येने गेलेलं दुसरं वैचारिक पुस्तक मला चटकन आठवत नाही. आणि ते गेलं एसटी स्टँडवरून, सभेच्या मांडवातल्या टेबलावरून, कार्यकर्त्याच्या शबनम पिशवीतून.

२००३ मध्ये त्यांचा तरुण मुलगा, चळवळीतला कार्यकर्ता असलेला अविनाश, गेला. बापाने त्या दुःखातून व्याख्यानमाला उभी केली. दरवर्षी एक विषय घ्यायचा, देशभरातून जाणकार बोलवायचे आणि कोल्हापूरच्या माणसांनी सलग ऐकायचं. अण्णा भाऊ साठे यांच्या नावाची साहित्य संमेलनं भरवणं, आंतरजातीय लग्न करणाऱ्या मुलामुलींच्या पाठीशी उभं राहणं, स्पर्धा परीक्षांपासून मंडल आयोगापर्यंत ज्या विषयावर गैरसमज पसरले असतील त्यावर पंचवीस-तीस पानांची पुस्तिका काढणं, असा त्यांचा दिनक्रम. शेवटच्या वर्षांत शहराच्या टोलविरोधी आंदोलनात ते प्रा. एन. डी. पाटील यांच्या खांद्याला खांदा लावून होते. शहरातले रस्ते खासगी कंपनीकडून बांधून घेऊन तीस वर्षं टोल वसूल करण्याच्या योजनेविरुद्ध सगळं कोल्हापूर रस्त्यावर आलं होतं, तालीम मंडळांपासून व्यापाऱ्यांपर्यंत. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने तो टोल रद्द केला. ते पाहायला पानसरे नव्हते.

आणि ते बोलत. २०१४ च्या अखेरीस देशात नथुराम गोडसेचं उदात्तीकरण उघडपणे सुरू झालं, तेव्हा त्यांनी जाहीर सभांतून त्याला विरोध केला. धमक्या येत होत्या. दीड वर्षापूर्वी, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना सकाळच्या फिरण्यातच गोळ्या घातल्या होत्या. फिरणं मात्र पानसऱ्यांनी थांबवलं नाही.

२१ फेब्रुवारीला पार्थिव कोल्हापुरात आलं आणि दसरा चौकात अंत्यदर्शनासाठी ठेवलं गेलं. ही जागा योगायोगाची नाही. या चौकात शाहू महाराजांचा पुतळा आहे, आजूबाजूला त्यांच्या पाठबळाने उभी राहिलेली वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं आहेत, त्यात मुस्लिम बोर्डिंगही आहे. जातीजातींच्या मुलांना शहरात डोकं टेकायला जागा मिळावी म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेल्या त्या भिंतींच्या मधोमध पानसऱ्यांना लोकांनी शेवटचं पाहिलं. मोलकरणी होत्या, हमाल होते, प्राध्यापक होते, विरोधी पक्षांतले लोक होते. ‘आम्ही सारे पानसरे’ ही घोषणा तेव्हापासून महाराष्ट्रभर गेली. पंचगंगेच्या काठावर अंत्यसंस्कार झाले, कुठलाही धार्मिक विधी न करता. उमाताई तेव्हा रुग्णालयातच होत्या.

त्या दिवशी शहरात प्रचंड संताप होता. सरकारवर, पोलिसांवर, खून करणाऱ्या विचारावर. पण तो संताप कुठल्या जातीच्या आळीवर गेला नाही. कुणाचं घर जळलं नाही. हे सहज घडलं असं ज्यांना वाटतं त्यांनी १९४८ चं कोल्हापूर आठवावं.

३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. मारेकरी नथुराम गोडसे महाराष्ट्रातला, पुण्याचा, जातीने ब्राह्मण. ही शेवटची गोष्ट कळताच दक्षिण महाराष्ट्रात आगी लागल्या. सातारा, सांगली, कोल्हापूर, गावोगाव ब्राह्मणांची घरं, दुकानं, छापखाने जळाले. माणसं बायकामुलांसह रातोरात गाव सोडून गेली, कित्येक परत आलीच नाहीत. मुंबईत सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव यांच्यावर जमावाने दगडफेक केली, त्या जखमांतून ते पुरते सावरले नाहीत आणि पुढच्या वर्षी वारले. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच दिवसांवर आहे. मराठीत त्या काळावर एवढ्या संयमाने लिहिलेलं फार थोडं आहे.

कोल्हापुरात जयप्रभा स्टुडिओ जळाला. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या जागेचं महत्त्व निराळं आहे. राजाराम महाराजांच्या काळात उभा राहिलेला कोल्हापूर सिनेटोन पुढे भालजी पेंढारकरांकडे आला आणि त्यांनी त्याला जयप्रभा नाव दिलं. भालजी जातीने ब्राह्मण आणि विचाराने हिंदुत्ववादी. गांधीजींच्या खुनाशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण जमावाला पुरावा लागत नाही, आडनाव पुरतं. सेट, सामान, फिल्म, वर्षानुवर्षांची मेहनत एका दिवसात राख झाली. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि १९५२ मध्ये ‘छत्रपती शिवाजी’ हा चित्रपट दिला. मला हे फार लक्षणीय वाटतं. कोल्हापूरने शिवाजी महाराजांची दोन लोकप्रिय रूपं महाराष्ट्राला दिली, एक भालजींच्या पडद्यावरचं आणि एक पानसऱ्यांच्या पुस्तिकेतलं. दोघांचे विचार परस्परांपासून दूर. दोघांनाही राजकीय हिंसेने गाठलं, एकाचं आयुष्यभराचं काम जाळलं गेलं, दुसऱ्याचा जीवच घेतला गेला.

१९४८ च्या आगीमागे जुनी धग होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. वेदोक्त प्रकरणापासून पेटलेला ब्राह्मण-ब्राह्मणेतर वाद, सावकारी आणि कुलकर्णी वतनांचा जाच, राखीव जागांच्या २६ जुलै १९०२ च्या हुकमाला झालेला विरोध, हे सगळं या मातीत साठलेलं होतं. त्यातला अन्याय खरा होता. पण ज्याचं घर जळलं तो शाळामास्तर किंवा भिक्षुक त्या अन्यायाचा जाब द्यायला बांधलेला नव्हता. शिवाय जे दुःख साऱ्या देशाचं होतं त्याला गावातल्या हिशेबांचं रूप आलं. संस्थानातलं लोकनियुक्त मंत्रिमंडळ या धक्क्यातून टिकलं नाही. भारत सरकारने कारभार हाती घेतला आणि १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. सत्य, अहिंसा हे शब्द ज्याच्या नावाशी जोडलेले त्या माणसाच्या मृत्यूचा सूड म्हणून शेजाऱ्याच्या घराला काडी लागली, हे कोल्हापूरने फार काळ उघडपणे बोलायचं टाळलं. ज्या घरांनी ते सोसलं त्यांनीही टाळलं.

खुनाचा ठपका एखाद्या शहरावर बसतो म्हणजे काय, हे डॅलसला विचारावं. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी दुपारी साडेबाराला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी उघड्या मोटारीतून डॅलसच्या डीली प्लाझामधून जात असताना शाळेच्या पुस्तकांच्या गोदामातून गोळ्या झाडल्या गेल्या. संशयित ली हार्वी ओसवाल्ड दीड तासाच्या आत पकडला गेला. दोन दिवसांनी पोलीस मुख्यालयाच्या तळघरात, दूरचित्रवाणीचे कॅमेरे चालू असताना, जॅक रूबी नावाच्या माणसाने त्यालाच गोळी घातली. आरोपीच गेल्यामुळे खटला उभाच राहिला नाही. सरन्यायाधीश अर्ल वॉरेन यांच्या आयोगाने दहा महिन्यांत, २४ सप्टेंबर १९६४ ला, ८८८ पानांचा अहवाल दिला. ओसवाल्डने एकट्याने हे केलं, असा निष्कर्ष. बऱ्याच अमेरिकनांनी तो मानला नाही. १९७९ मध्ये त्यांच्याच संसदेच्या समितीने कट असण्याची शक्यता मांडली, पुढे त्या समितीने आधार मानलेल्या ध्वनिपुराव्यावरच तज्ज्ञांनी शंका घेतली. २०२५ च्या मार्चमध्येही सरकार त्या प्रकरणाची उरलेली कागदपत्रं खुली करत होतं. तिकडे डॅलस मात्र ‘द्वेषाचं शहर’ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. ती इमारत पाडून टाका, असं तिथल्या अनेकांना वाटे. अखेर पाडली नाही, आणि १९८९ मध्ये तिच्या सहाव्या मजल्यावर संग्रहालय उघडलं. पंचवीस वर्षं लागली शहराला त्या खिडकीकडे पाहायला.

केनेडींच्या प्रकरणातून मी एकच गोष्ट घेतो. भर न्यायालयात, उलटतपासणीला उभं राहून सिद्ध न झालेलं उत्तर कितीही जाड अहवालात छापलं तरी लोकांच्या मनात रुजत नाही. म्हणून पानसरे प्रकरणात कितीही दिरंगाई झाली तरी खटला चालण्याला पर्याय नाही, आणि तो लवकर चालवण्याची जबाबदारी सरकारला झटकता येणार नाही.

दिरंगाई मात्र मन विषण्ण करणारी आहे. २०१५ मध्ये विशेष तपास पथक नेमलं गेलं, सप्टेंबरमध्ये पहिली अटक झाली. ३० ऑगस्टला धारवाडमध्ये कन्नड अभ्यासक प्रा. एम. एम. कलबुर्गींचा त्यांच्या दारातच खून झाला होता. ५ सप्टेंबर २०१७ ला बेंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश अशाच मारल्या गेल्या. चार खून, दोन राज्यं, आणि त्यांच्यात शस्त्रांचे व माणसांचे दुवे असल्याचं तपास यंत्रणांनी न्यायालयात मांडलं. दाभोलकर आणि पानसरे कुटुंबीय मुंबई उच्च न्यायालयात गेले, न्यायालयाने वर्षानुवर्षं तपासावर देखरेख ठेवली आणि यंत्रणांना अनेकदा खडसावलं. ऑगस्ट २०२२ मध्ये पानसरे प्रकरण दहशतवादविरोधी पथकाकडे सोपवलं गेलं. आरोप निश्चित झाले ते जानेवारी २०२३ मध्ये, खुनाला आठ वर्षं होत आली तेव्हा. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने देखरेख थांबवली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सहा आरोपींना जामीन दिला. खटला वेळेत संपत नाही आणि माणूस वर्षानुवर्षं कच्चा कैदी म्हणून आत राहतो, तेव्हा जामीन हा कायद्याचाच भाग असतो. कामगारांसाठी आयुष्यभर जामिनाचे अर्ज लिहिणाऱ्या वकिलाच्या शहराने हे समजून घ्यायला हवं. दोष यंत्रणेच्या कूर्मगतीचा आहे. दाभोलकर खटल्याचा निकाल पुण्यात १० मे २०२४ ला लागला. दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष, आणि तपासातल्या त्रुटींवर न्यायालयाचे ताशेरे. अकरा वर्षं लागली, आणि कट कुणी रचला हे तरीही सिद्ध झालं नाही.

या काळात कोल्हापूरची माणसं काय करत होती? खुनानंतर लगेचच त्यांनी दर महिन्याच्या २० तारखेला सकाळी फिरायला निघायला सुरुवात केली. निर्भय मॉर्निंग वॉक. ज्या वेळेला आणि ज्या कृतीत माणूस मारला गेला तीच कृती सामूहिकपणे करायची. आज या पेठेतून, पुढच्या महिन्यात त्या कॉलनीतून. घोषणा, गाणी, कुणाचं तरी छोटं भाषण, आणि मग आपापल्या कामाला. मेघा पानसरे, शिवाजी विद्यापीठात रशियन शिकवणाऱ्या पानसऱ्यांच्या सूनबाई, न्यायालयातली लढाई आणि हे चालणं दोन्ही सांभाळत राहिल्या. संख्या कधी दोनशे, कधी वीस. उन्हाळ्यात, पावसात, निवडणुकीच्या धामधुमीत. राजकीय आंदोलनांना आपण गर्दीने मोजतो, पण इथे महत्त्व सातत्याला आहे. अविनाशच्या नावाची व्याख्यानमालाही चालू राहिली, साहित्य संमेलनंही झाली, आणि ‘शिवाजी कोण होता?’ला खुनानंतर एवढी मागणी आली की आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

एवढ्यावर थांबलो तर कोल्हापूरची आरती होईल, आणि ती खोटी ठरेल. ७ जून २०२३ रोजी, शिवराज्याभिषेक दिनाच्या दुसऱ्या दिवशी, समाजमाध्यमांवर ठेवलेल्या औरंगजेबाच्या स्टेटसवरून याच शहरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला, इंटरनेट बंद पडलं. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात, गडावरच्या अतिक्रमणाविरुद्ध निघालेल्या जमावाने मुस्लिम वस्तीवर हल्ला केला, घरं फोडली, मशिदीची नासधूस केली. ज्यांची घरं फुटली त्यांचा त्या अतिक्रमणाशी संबंध नव्हता. १९४८ मध्ये आडनाव पाहिलं गेलं, २०२४ मध्ये धर्म. शिवाजी महाराजांच्या नावाने निघालेल्या जमावाने शिवाजी महाराजांच्या जिल्ह्यातल्या रयतेची चूल मोडली. पानसऱ्यांची पुस्तिका वाचलेल्या माणसाला या दृश्याने जेवढी वेदना होते तेवढी कुठल्याही टीकेने होणार नाही. मात्र गजापुरात मदत घेऊन आधी पोचणाऱ्यांत कोल्हापूरचे पुरोगामी कार्यकर्तेही होते, आणि कोल्हापूरचे खासदार शाहू छत्रपती स्वतः त्या घरांत गेले. दोन्ही कोल्हापूर खरी आहेत. दुसरं पहिल्यापेक्षा मोठं आहे असं छातीठोकपणे म्हणण्याची हिंमत आज माझ्यात नाही, पण दुसरं आहे हे मी पाहिलं आहे.

१७ जानेवारी २०२२ रोजी एन. डी. पाटीलही गेले. बिंदू चौकातल्या सभांना ज्यांच्यामुळे माणसं जमत ती पिढी सरली. नव्या पिढीतले कार्यकर्ते वाचतात, मोबाइलवर बोलतात, मोर्चालाही येतात, पण मोलकरणीच्या पगाराचा दावा दहा वर्षं रेटणारा वकील त्यांच्यातून तयार होतोय का, हे पाहायला हवं. पानसऱ्यांचं स्मरण करणं सोपं आहे, त्यांचं दफ्तर चालवणं अवघड. कोल्हापुरात कामगार कायद्याची वकिली करू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाला मी हेच सांगतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार चार दशकं त्यासाठी भांडले, संप केले, मोर्चे काढले. गरीब पक्षकाराला मुंबईची वारी परवडत नाही, हा त्या मागणीचा गाभा होता. पानसरे खून खटला कोल्हापूरच्या सत्र न्यायालयात चालू आहे. साक्षीदार तपासले जात आहेत. आरोपपत्रात नावं असलेले दोघे अद्याप फरार आहेत.